एकही माणूस नसलेली कॅम्पेन: मे ते सप्टेंबरच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक कॅरेक्टर घेऊन, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ, तो आम्ही रविवारी खेळतो आणि मी चालवतो. मागच्या कॅम्पेनमध्ये (म्हणजे बरेच रविवार चालणाऱ्या एका गोष्टीत) पाचपैकी चार जणांनी माणूस घेतला आणि पाचव्याने एल्फ, आणि तो एल्फ म्हणजे टोकदार कान लावलेला कोथरूडचा मुलगाच होता, म्हणून यावेळी ठरवलं की पार्टीत, म्हणजे कॅरेक्टर्सच्या टोळीत, माणूस नको, आणि टोकदार कान आणि दाढी पण नको. एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग अशा माणसासारख्याच दिसणाऱ्या जमाती सगळ्या बाद. जे आरशासमोर उभं राहिलं तर आपल्याला दचकायला होईल तेच घ्यायचं.

कोणी म्हणेल यात नवीन काय, तर काही नाही, १९७६ सालीच बनीज अँड बरोज नावाचा निव्वळ सशांचा गेम आलाय. पण आमच्या टेबलाला पाचव्या एडिशनचे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम पाठ आहेत, नवीन सिस्टीम शिकायला कोणी तयार नाही, सो तेच.

पहिली चूक आजच केली. ग्रुपवर फक्त "काहीही घ्या, माणूस सोडून" एवढंच टाकलं. जमातींच्या नियमांचं कुठल्या सालचं व्हर्जन ते लिहिलं नाही. याचा हिशोब पुढच्या नोंदीत.

१९ मे, सेशन झिरो

सेशन झिरो म्हणजे खेळाआधी कॅरेक्टर्स ठरवायची बैठक. पार्टी अशी. माझा आतेभाऊ गॉब्लिन, म्हणजे बुटकी, लबाड जमात, नाव चिमट्या. दादा टॉर्टल म्हणजे कासव, नाव धोंडू. वहिनी कोबोल्ड, म्हणजे छोटी सरड्यासारखी जमात, नाव ठिणगी. ऑफिसातली मैत्रीण लिझर्डफोक, म्हणजे मोठ्या सरड्यासारखी जमात, नाव खवली (मैत्रीण कट्टर शाकाहारी, घरात अंडं चालत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे). आणि सिंहगड रोडला राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा केंकू, म्हणजे कावळ्यासारखी जमात. केंकूंची नावं आवाजांवरून असतात म्हणून त्याने नाव घेतलं बिजागरी, आणि हाक मारायची तर तोंडाने किर्रर्र करायचं.

पहिली ४० मिनिटं वाया गेली. वहिनीने कोबोल्ड २०२२च्या पुस्तकातला आणलेला आणि पोराने केंकू २०१६चा. फरक छोटा नाहीये. जुन्या कोबोल्डला उन्हात नीट दिसत नाही पण सोबती शत्रूजवळ असला की वार करताना तो दोन फासे टाकून जास्त आलेला घेतो, नव्यात दोन्ही काढून टाकलंय. जुना केंकू स्वतःचं वाक्य बोलूच शकत नाही, फक्त ऐकलेल्या आवाजांची नक्कल करतो, नवा सरळ बोलतो. मी म्हटलं सगळे जुने घ्या. कारण नव्यात यांच्या अडचणी काढून टाकल्यात आणि मला तर अडचणीच हव्या होत्या. वहिनीने शीट (कॅरेक्टरची माहिती लिहिलेला कागद) परत लिहिली, जरा कुरकुर करून.

दुसरा घोळ वयाचा. मी कथा लिहिलेली की १५ वर्षांपूर्वी नदीकाठच्या शहराला वेढा पडला, त्यात तुम्ही पाचही जण होतात. आतेभाऊ म्हणाला, मी ११ वर्षांचा आहे. मी म्हटलं लहान मुलगा नको प्लीज. तो म्हणाला लहान कुठे, गॉब्लिन आठव्या वर्षी मोठा होतो, वाच. वाचलं, खरंच होता. कोबोल्ड तर सहाव्या वर्षीच. ठिणगी निघाली ९ वर्षांची आणि वेढ्याच्या वेळी पाचातले तिघं जन्मलेच नव्हते. वेढा ओढून ३ वर्षांपूर्वी आणला, त्यापायी एक अख्खी संध्याकाळ सगळ्या एनपीसींची, म्हणजे मी चालवतो त्या बाकीच्या पात्रांची, वयं बदलत बसलो. तुम्ही करत असाल तर आधी वयं विचारा, मग इतिहास लिहा.

२ जून, सेशन १

आज सगळ्यात मोठा पोपट झाला.

माझ्या डोक्यात पक्कं होतं की माणूस सोडून सगळ्यांना अंधारात दिसतं. त्या भरवशावर पहिली मोहीम धान्याच्या जुन्या पेवात लिहिली, जमिनीखाली, मिट्ट काळोख, उजेडाची सोय शून्य. पार्टी आत उतरली, मी वर्णन सुरू केलं आणि दादा म्हणाला, माझ्या शीटवर डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) नाहीये. मैत्रीण म्हणाली माझ्याही नाही. केंकूच्याही नाही. पाचात फक्त गॉब्लिन आणि कोबोल्डला अंधारात दिसतं, तेही साठ फुटांपर्यंत, बाकी तिघं ठार आंधळे. आणि मशाल कोणीच घेतली नव्हती, कारण बाजारात मीच म्हणालेलो की मशाली कशाला हव्यात तुम्हाला.

मग खवलीची शेपटी धोंडूने धरली, धोंडूचं कवच बिजागरीने, आणि खवलीचा हात चिमट्याच्या खांद्यावर, अशी झुकझुक गाडी पेवात निघाली. हसून हसून वाट लागली सगळ्यांची, तेवढा वेळ बरं वाटलं.

पण पुढे माझं कोडं होतं रंगांचं. तीन रांजण, लाल लाखेचा उघडायचा, हिरवी आणि पिवळी लाख सोडून द्यायची. ज्या तिघांना दिसत नाही त्यांचा प्रश्नच नाही, आणि ज्या दोघांना दिसतं त्यांना अंधारात रंग कळत नाहीत, सगळं करडं दिसतं, नियमातच लिहिलंय तसं. म्हणजे पाचही जणांना न सुटणारं कोडं मी आठवडाभर बसून बनवलेलं. दीड तास गेला. शेवटी वहिनीने लाखेचा वास घेऊन ओळखायचा रोल (जमतं का ते फासा टाकून बघणं) मागितला आणि मी कृतज्ञतेने वीसपैकी सातलाच पास केलं.

दुरुस्ती: आता माझ्यासमोरच्या स्क्रीनच्या (नोट्स झाकायच्या आडोशाच्या) आतल्या बाजूला कागद चिकटवलाय, पाच नावं आणि पुढे दिसतं / दिसत नाही, पोहता येतं / येत नाही, श्वास किती वेळ रोखतो (धोंडू एक तास, खवली १५ मिनिटं, बाकी आपल्यासारखेच), उंची. काहीही लिहायच्या आधी त्या कागदाकडे बघायचं.

१६ जून, सेशन २

९ तारखेला भारत-पाक मॅच, त्यामुळे कोणी येणारच नव्हतं, विचारलंही नाही.

आज धक्क्यावर भर दुपारी मारामारी. ठिणगीने सलग पाच वार चुकवले, कारण उन्हात तिला दोन फासे टाकून कमी आलेला घ्यावा लागतो. वहिनी तोंड पाडून बसली, म्हणाली दुसरं कॅरेक्टर घेते. घरी आल्यावर शीट परत वाचली तर चूक आम्हा सगळ्यांची. शत्रूच्या शेजारी आपला कोणी उभा असला की जुन्या कोबोल्डला उलटा फायदा मिळतो आणि ऊन आणि फायदा एकमेकांना खाऊन सरळ एक फासा उरतो. धोंडू तर सगळा वेळ तिथेच उभा होता, ढिम्म! म्हणजे तिने पाचही वेळा उगीच दोन फासे टाकले.

मग रात्री वहिनीचा मेसेज, छत्री चालेल का. छान प्रश्न आहे. नियम म्हणतो की तू उन्हात असलीस तरी त्रास आणि ज्याच्यावर वार करतेस तो उन्हात असला तरी त्रास. म्हणजे छत्रीने अर्धंच काम होतं, शत्रूलाही सावलीत ओढायला पाहिजे. तेव्हापासून मी नकाशावर पेन्सिलीने इमारतींच्या सावल्या काढतोय, सकाळी एकीकडे, दुपारनंतर दुसरीकडे. दहा मिनिटांचं काम आहे पण मारामारीत आता सगळे सावलीवरून भांडतात, आणि कॅरेक्टर बदलायचं वहिनी विसरून गेली.

केंकूचं मात्र बिनसलंय. पोराने फोनवर साठेक आवाज रेकॉर्ड करून आणलेले. कुकरची शिट्टी, भंगारवाला, कंडक्टरचं "पुढे चला, पुढे मोकळंय". पहिली वीस मिनिटं धमाल. नंतर साधं हो म्हणायला त्याला फोनमध्ये चार मिनिटं शोधावं लागत होतं आणि बाकीचे तोंडं बघत होते. काहीतरी करायला पाहिजे.

३० जून, रद्द

काल रात्री वर्ल्ड कप जिंकलो, कोणी झोपलेलं नाही, आणि आज पालख्या पुण्यात, रस्ते बंद.

रिकाम्या वेळात केंकूचं काम केलं. फोन बंद. त्याऐवजी जाड पुठ्ठ्याची कार्डं. एका कार्डावर एकच वाक्य, खाली कोणी म्हटलं ते. सुरुवातीला आठ कार्डं, आणि दर सेशनला तीन नवी, ती पण त्या दिवशी टेबलावर कॅरेक्टर म्हणून कोणीतरी खरंच बोललेलीच वाक्यं, शब्द न बदलता. बोलायचं तर कार्ड टाकायचं आणि त्याच्याच आवाजात म्हणायचं. कार्डांचे ९० रुपये.

७ जुलै, सेशन ३

कार्डं जमली. दुसऱ्याच तासाला बिजागरीने व्यापाऱ्याला दादाच्याच आवाजात "मला घाई नाही" ऐकवलं आणि भाव उतरवला. दादाला म्हटलं, बघ, तू बोलतोस तेव्हा कोण ऐकत असतं.

बाकी सेशन फसलं. पार्टी परत एका माणसांच्या गावाच्या वेशीवर पोचली, पहारेकऱ्याने परत हटकलं, तुमच्यासारख्यांना प्रवेश नाही, आणि परत ५० मिनिटं वेशीवर हुज्जत. सलग तिसऱ्या सेशनला. मला वाटायचं की माणूस नसलेली पार्टी म्हणजे हाच तर विषय. आतेभाऊ म्हणाला आपण सगळे वेशीवरच म्हातारे होऊन मरणार, आणि चिमट्याचं तर आयुष्य पण कमी आहे. वहिनी जे म्हणाली ते लागलं. म्हणाली, तुम्ही कोण, कुठले, काय खाता हे सगळं भाड्याचं घर शोधताना ऐकून झालंय, रविवारी परत ऐकायला मी नाही येत.

बरोबर आहे तिचं. माझ्या कथेत पार्टी माणसांची नव्हती पण प्रत्येक प्रसंग माणसांना काय वाटतं याबद्दलच होता.

११ जुलै, गुरुवार रात्र

शहर रिकामं केलं. वेढ्यानंतर माणसं निघून गेली, घरं, विहिरी, दुकानं तशीच सोडून, आणि आता ही पाच जणं आणि त्यांच्यासारखी अजून दोन-तीनशे तिथे राहायला आलीयेत. माणूस एकच उरला, म्हातारा नावाडी, त्याला बाहेर जायचंच नव्हतं.

नुकसान: मेमध्ये ३५० रुपये देऊन फ्लेक्सवर छापलेला शहराचा नकाशा, त्यावर पहारेकरी, बाजार, कोतवाली सगळं, आता भंगार. उलटी बाजू कोरी आहे, त्यावर मार्करने काढतोय. बावीस पानं नोट्स पण गेली, त्याचं दुःख फ्लेक्सपेक्षा कमी.

१४ जुलै, सेशन ४

एकही मारामारी नाही. तीन तास पाच जणं घर शोधत होती आणि आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी सेशन झालं.

आधी मी प्रत्येकाला बसवून विचारलं, तुझं अंग या घरात कुठे अडतं. चिमट्याचा हात विहिरीच्या रहाटाला पुरत नाही. खवलीला पाठीच्या खुर्चीत बसता येत नाही, शेपटीचं काय करायचं. बिजागरीला पेल्याने पाणी पिता येत नाही, चोच बुडते आणि बाकीचं सांडतं, त्याला परात लागते. धोंडूचा प्रश्न गोल जिन्याचा. कासव त्या जिन्यात मावेल का यावर इतका वाद झाला की शेवटी दादाच्या पाठीला घरातली मोठी परात ओढणीने बांधली आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून त्याला वर चढवलं. पहिल्या वळणावर परात कठड्याला घासून असा आवाज झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बाहेर आल्या. दादा शांतपणे म्हणाला, काही नाही काकू, घर बघतोय. निकाल: धोंडू तळमजल्यावर.

आजच एक गोष्ट लक्षात आली जी कुठल्याच नियमाच्या पुस्तकात नसणार. मराठीत खेळताना माणूस तोंडातून जातच नाही. "चार माणसांत शोभत नाही", "भला माणूस दिसतो", "माणुसकी आहे का तुला", हे सगळं गॉब्लिन आणि कासव एकमेकांना म्हणतायत. म्हणून बरणी ठेवली, कॅरेक्टरच्या तोंडून माणूस आला की ५ रुपये. तासाभरात ४५ जमले. पण मग पोरं सुधारली, खवली म्हणायला लागली "चार शेपट्यांत शोभत नाही", चिमट्याने "गॉब्लिनकी" काढली, तिचा अर्थ बहुतेक चोरीतला वाटा देणे असा आहे.

आणि वहिनीने कासवाला "तो" म्हणणं सोडलं. "ते कुठेय? ते झोपलंय." मराठीत कासव ते-च ना. एका ते-ने धोंडू जेवढा कासव झाला तेवढा माझ्या दोन पानी वर्णनाने झाला नव्हता. दादा पण त्यानंतर हळू बोलायला लागला, मुद्दाम नाही, आपोआप.

चूक: सेशनच्या शेवटी एका जादूगाराने धोंडूवर होल्ड पर्सन ही जागच्या जागी खिळवणारी जादू टाकली. दादाने लगेच अडवलं, पर्सन म्हणजे माणूस, मी कासव आहे, मला लागू नाही. सगळ्यांनी री ओढली, मला पण पटलं, जादू फुकट घालवली. नंतर वाचलं तर तो स्पेल ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारख्या बांध्याच्या, प्रकारावर चालतो आणि ही पाचही कॅरेक्टर्स नियमाने ह्युमनॉइडच आहेत. सेंटॉर (अर्धा घोडा) किंवा सॅटिर (अर्धा बोकड) असता तर सुटला असता, ते फे, म्हणजे परीलोकातल्या, प्रकारात येतात. म्हणजे नावावरून निवाडा करू नका, शीटवर प्रकार काय लिहिलाय ते बघा. पुढच्या वेळी कबूल केलं आणि ५ रुपये मी भरले.

२८ जुलै, रद्द

गुरुवारी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. केंकूवाल्या पोराचं घर वरच्या मजल्यावर, पण पार्किंगमध्ये गाडी बुडाली. त्याला म्हटलं खेळ राहू दे, मदत काय लागते सांग. कार्डांचा डबा त्याने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलेला म्हणे.

११ ऑगस्ट, सेशन ५

पुराचा प्रसंग लिहून ठेवलेला तो काढून टाकला, कोणी सांगितलं नव्हतं पण काढला. ऐनवेळी त्या जागी नावाड्याला आणलं. तो पार्टीला नावेतून पलीकडे नेतो आणि सारखं एकच म्हणत असतो, "बसा, बसा, पाणी कुठं पळून जात नाही." मी काही विचार करून दिलेलं वाक्य नव्हतं, आमच्या गावाकडचा एक जण एसटीबद्दल असंच म्हणायचा. पोराने लगेच कार्ड लिहिलं.

एवढ्या सगळ्यात माणूस तो एकटा, आणि त्याचीच सगळ्यांना गंमत वाटत होती. खवलीने त्याच्या नखांना हात लावून विचारलं, यांनी काय होतं? नावाडी म्हणाला, खाजवतो.

१८ ऑगस्ट, मिनी

बाजारातल्या मिनी, म्हणजे नकाशावर ठेवायच्या कॅरेक्टर्सच्या छोट्या बाहुल्या, परवडत नाहीत, आणि कासव-कावळा हव्या त्या मापात मिळतही नाहीत. गणपतीमुळे शाडूची माती सगळीकडे होती, १२० रुपयांची आणली, पाच बाहुल्या केल्या. पावसाळी हवेत दोन दिवसांत वरून वाळल्यासारख्या वाटल्या, मी रंग दिला, आत ओल होती, तिसऱ्या दिवशी धोंडूच्या कवचाला आरपार तडा आणि खवलीची शेपटी गळून पडली. शेपटी आता तारेवर एम-सीलने केलीय, ४० रुपये. घाई करू नका, रंगाच्या आधी आठवडाभर सावलीत ठेवा. तडा तसाच ठेवलाय, दादा म्हणाला जुनं कासव आहे, चालतं. आणि गॉब्लिन लहान म्हणून त्याला नकाशावर अर्धी चौकट देऊ नका, मी दिली होती, स्मॉल (लहान मापाचं) कॅरेक्टर पण अख्खी पाच फुटांची चौकट घेतं.

१ सप्टेंबर, सेशन ६

नावाडी मेला. मारामारीत नाही, पार्टी सकाळी धक्क्यावर गेली तर नावेत बसल्या बसल्या गेलेला होता. मी ठरवून केलेलं, पण यापुढचं काही लिहिलं नव्हतं.

धोंडू म्हणालं, पुरूया. खवली म्हणाली, कशाला, खाऊया. टेबलावर शांतता. शाकाहारी मैत्रीण अगदी गंभीरपणे सांगत होती की आमच्यात आवडत्याला मातीत टाकून वाया घालवत नाहीत, त्याच्या हाडाची ढाल करते मी, ती माझ्याजवळ राहील, जमिनीत टाकून तुमच्याजवळ काय राहणार आहे? आतेभाऊ म्हणाला, ई. ती म्हणाली, ई काय, तुमच्यात काय करतात ते सांग. आतेभावाला सांगता येईना, त्याने गॉब्लिन मेल्यावर काय करतात याचा कधी विचारच केला नव्हता. मग त्याने तिथल्या तिथे काढलं, की आम्ही मेलेल्याची सगळ्यात भारी वस्तू चोरतो आणि तो जिवंत असता तर किती ओरडला असता ते एकमेकांना सांगतो. ठिणगी काही बोलली नाही, ऊन वर यायला लागलेलं म्हणून तिने नावेवर छत्री धरली. म्हाताऱ्यावर, स्वतःवर नाही. मी विचारलं, तुला उन्हाचा त्रास होईल, चालेल ना? वहिनी म्हणाली, माहितीये.

वाद चढत गेला, खवली नावेत उतरायला निघाली, धोंडू आडवं आलं, मी इनिशिएटिव्ह (मारामारीत आधी पाळी कोणाची ते ठरवायचा फासा) मागणार तेवढ्यात पोराने डब्यातून एक कार्ड काढून मधे टाकलं. आणि म्हाताऱ्याच्या आवाजात, म्हणजे ११ ऑगस्टला मी काढला होता त्या माझ्याच आवाजात, म्हणाला, "बसा, बसा, पाणी कुठं पळून जात नाही."

सगळे बसले. टेबलाशी बसलेलेच होते, कॅरेक्टर्स बसली. बराच वेळ कोणीच फासा उचलला नाही. मग खवली म्हणाली, बरं, डावा हात मला द्या, बाकीचा तुम्ही पुरा. धोंडूने विचार करायला वेळ मागितला आणि सेशन तिथेच थांबवलं.

३ सप्टेंबर

हिशोब. फ्लेक्स ३५०, कार्डं ९०, शाडू १२०, एम-सील ४०, एकूण ६००, चहा-वडापाव धरलेला नाही. सहा सेशन, दोन रद्द. बरणीत १३५.

पोराने काल विचारलं, नावाड्याचं कार्ड आता परत वापरता येईल का, की एकदाच. मी म्हटलं कितीही वेळा. तो म्हणाला नको, डब्यात खाली ठेवतो.

गणपतीत सुट्टी. पुढचं सेशन २२ला, तोपर्यंत लिझर्डफोक ढाल किती वेळात करते ते वाचायचंय, आणि धोंडूचं उत्तर अजून आलेलं नाही.